गणकयंत्राचा आद्य कल्पक चार्लस बॅबेज

जगांतील थोर पुरुषांचीं चरित्रें वाचूं लागलें असतां बहुधा असें आढळतें कीं, त्यांनीं जें कार्य हातीं घेतलें तें तडीस नेलें, आणि म्हणूनच त्यांचें नांव मागें राहिलें. परंतु क्वचित् एखादा पुरुष असाही होऊन जातो कीं, त्याचें मुख्य कार्य त्याच्या डोळ्यांदेखत पुरें होत नाहीं; समकालीन लोक त्यास तऱ्हेवाईक समजतात; आणि शंभर-सव्वाशें वर्षें लोटल्यावर जगास कळून येतें कीं, हा मनुष्य आपल्या काळाच्या फार पुढें चालला होता. चार्लस बॅबेज हा अशांपैकींच एक होय.

आज शाळांतील वरच्या वर्गांचे कित्येक विद्यार्थी संगणकासाठीं आज्ञावली, म्हणजे ज्यास प्रोग्रॅम म्हणतात ती, लिहावयास शिकत आहेत. त्यांच्या पुस्तकांत पुढें कधीं तरी ‘फॅक्टरी मेथड’ व ‘जेनेरिक टाइप’ अशीं दोन नांवें येतात, आणि पुष्कळांची मति तेथें कुंठित होते. संगणकाच्या आज्ञावलींत कारखाना कोठून आला, असा प्रश्न पालकांसही पडेल. ह्या प्रश्नाचें उत्तर नुसत्या व्याख्या पाठ करून मिळत नाहीं. ज्या पुरुषानें कारखाने डोळसपणें पाहिले आणि गणित करणारें यंत्रही योजिलें, त्याच्या चरित्रांत तें अधिक सुलभपणें सांपडतें, असें आम्हांस वाटतें. म्हणून तें चरित्र थोडक्यांत येथें देत आहों.

बॅबेजचा जन्म ता. २६ डिसेंबर १७९१ रोजीं लंडन येथें झाला. वडील बेंजामिन बॅबेज हे एका पेढीचे भागीदार असून घरची स्थिति सुखाची होती. चार्लसची प्रकृति मात्र लहानपणीं नाजूक होती. म्हणून त्यास एक्सेटर शहराजवळील एका खेड्यांतील शाळेंत ठेविलें, आणि ह्याच्या डोक्यास फार ताण देऊं नये अशी गुरुजींस सूचना दिली. पण ज्या डोक्यास स्वभावतःच स्वस्थ बसवत नाहीं त्यास सूचनेनें काय होणार? नवें खेळणें हातीं आलें कीं, ह्याच्या पोटांत काय आहे, असा तो आईस प्रश्न करी. आणि उत्तरानें समाधान न झाल्यास तें खेळणें फोडून पाही. पुढें एनफील्ड येथील शाळेंत असतांना तेथील ग्रंथसंग्रहांत त्यास गणिताचीं पुस्तकें मिळालीं. त्यांची त्यास एवढी गोडी लागली कीं, एका सोबत्यासह तो पहांटे तीन वाजतां उठून वर्गांत गुपचूप अभ्यास करीत बसे.

इ. स. १८१० मध्यें तो केंब्रिज येथील ट्रिनिटी कॉलेजांत दाखल झाला. तेथें त्यानें जॉन हर्शेल, जॉर्ज पीकॉक इत्यादि मित्रांच्या साह्यानें १८१२ मध्यें एक गणितमंडळ स्थापिलें. युरोपांतील गणिती चलनकलनांत जीं सोयीचीं चिन्हें वापरीत तीं इंग्लंडांत रूढ व्हावीं, हा त्या मंडळाचा हेतु होता. आणि १८१६ मध्यें ह्या मित्रांनीं एका फ्रेंच गणितग्रंथाचें भाषांतर करून तो बराच साधला. चिन्ह चांगलें योजिलें म्हणजे विचार सोपा होतो, ही गोष्ट बॅबेजच्या मनावर तेव्हांपासून ठसली. १८१४ मध्यें त्याचा विवाह जॉर्जियाना व्हिटमोर हिच्याशीं झाला, आणि १८१६ मध्यें रॉयल सोसायटीनें त्यास आपला सभासद करून घेतलें.

त्या काळीं नाविक, ज्योतिषी, विमेवाले व इंजिनियर ह्या सर्वांचा व्यवहार छापील कोष्टकांवर चाले. तीं कोष्टकें माणसें हातांनीं आंकडेमोड करून तयार करीत. आंकडेमोडींत चुका होत, नक्कल करतांना चुका होत, आणि छापखान्यांत खिळे जुळवितांना आणखी चुका होत. कोष्टकांतील एका चुकीच्या आंकड्यानें जहाज खडकावर जाण्याचा संभव असे. १८२१ मध्यें बॅबेज व हर्शेल अशींच कांहीं कोष्टकें ताडून पाहत बसले असतां चुकांमागून चुका निघूं लागल्या. तेव्हां बॅबेज त्रासून बोलून गेला कीं, हें काम वाफेच्या यंत्राकडून करून घेतां आलें असतें तर किती बरें झालें असतें! मित्रानें तें अशक्य नाहीं असें सुचविलें, आणि बॅबेजच्या आयुष्याचा मार्ग ठरला.

त्यानें योजिलेली युक्ति आमच्या विद्यार्थ्यांस सहज समजेल. एखादी संख्या घ्यावी, तिचा वर्ग करावा, त्यांत ती संख्या मिळवावी व पुन्हा ४१ मिळवावे. शून्यापासून आरंभ केल्यास ४१, ४३, ४७, ५३, ६१ अशी पंक्ति येते. आतां शेजारशेजारच्या संख्यांची वजाबाकी केली तर २, ४, ६, ८ हे अंतर येतें. आणि त्या अंतरांचें अंतर काढलें तर सर्वत्र २ च येतात. मग पुढची संख्या काढण्यास गुणाकाराचें कारणच उरत नाहीं. ८ मध्यें २ मिळवून १०, आणि ६१ मध्यें १० मिळवून ७१. नुसती बेरीज करणारीं दांतेरी चाकें एकापुढें एक मांडलीं कीं, कोष्टक आपोआप तयार होऊं लागतें. ह्यास त्यानें अंतरयंत्र असें नांव दिलें. १८२२ मध्यें त्यानें एक लहान नमुना करून दाखविला व हें उदाहरण त्यावर चालवूनही दाखविलें. चाक आपल्या जागीं नीट बसलें नाहीं तर यंत्र चुकीचा आंकडा न देतां अडून राहावें, आणि आलेलें उत्तर यंत्रानेंच छपाईच्या ठशावर उमटवावें, अशीही त्याची योजना होती. चूक मागाहून शोधीत बसण्यापेक्षां ती होऊंच न देणारी रचना करावी, हें त्याचें तत्त्व होतें, आणि तें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें अशी आमची विनंति आहे.

लंडनच्या खगोलमंडळानें ह्या शोधाबद्दल त्यास १८२४ चें आपलें सुवर्णपदक दिलें. त्या समयीं मंडळाचे अध्यक्ष हेन्री टॉमस कोलब्रुक हे होते. हेच ते संस्कृतज्ञ कोलब्रुक कीं, ज्यांनीं हिंदुस्थानांत पुष्कळ वर्षें नोकरी केली आणि १८१७ मध्यें भास्कराचार्यांची लीलावती व बीजगणित इंग्रजींत आणलें. ज्या भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं त्यांच्या नातवानें खानदेशांत पाटण येथें मठ स्थापिला, त्यांच्या भाषांतरकारानें बॅबेजच्या यंत्राचा गौरव केला, हें आम्हां मराठी वाचकांस वाचून संतोष वाटेल.

सरकारनें १८२३ मध्यें द्रव्यसाह्य देण्यास आरंभ केला, आणि जोसेफ क्लेमेंट ह्या निष्णात कारागिराकडे काम सोंपविलें. यंत्रास सुमारें २५,००० भाग लागावयाचे होते, आणि एकसारखे दिसणारे ते भाग खरोखरच एकसारखे घडविण्याची कला त्या काळीं बाल्यावस्थेंत होती. काम रेंगाळलें. इतक्यांत १८२७ साल उजाडलें. त्या एका वर्षांत बॅबेजचे वडील, पत्नी व दोन मुलगे मृत्युमुखीं पडले. आठ अपत्यांपैकीं पुढें तीन मुलगेच काय ते मोठे झाले. दुःखानें खचलेला हा पुरुष मन रमविण्यासाठीं युरोपच्या प्रवासास निघाला. प्रवासांत असतांनाच, १८२८ मध्यें, ज्या पदावर पूर्वीं न्यूटन होता त्या केंब्रिजच्या गणिताध्यापकाच्या पदावर त्याची नेमणूक झाली.

आपलें यंत्र घडवितां यावें म्हणून बॅबेजनें इंग्लंडांतील व युरोपांतील अनेक कारखाने पायाखालीं घातले. त्या निरीक्षणाचें फळ म्हणजे १८३२ मध्यें प्रसिद्ध झालेला यंत्रें व कारखाने यांच्या अर्थशास्त्रावरील त्याचा ग्रंथ. त्यांतील एक प्रकरण केवळ नकलेविषयीं आहे. ओतकाम, ठसेकाम, छपाई, नाणीं पाडणें, हे सर्व धंदे वस्तुतः एकाच जातीचे आहेत असें त्यानें दाखविलें. मूळ साचा करतांना हवे तितके कष्ट व पैसा खर्चावा, कारण त्यांतून निघणाऱ्या हजारों वस्तूंवर तो खर्च वांटला जातो, आणि मूळांतील चोखपणा प्रत्येक वस्तूंत उतरतो. वाचकाच्या हातांतील त्याच ग्रंथाचें पान कितव्या नकलेची नक्कल आहे, हेंही त्यानें मोजून दाखविलें. पोलादी ठशावरून तांब्याची मातृका, मातृकेवरून खिळा, जुळविलेल्या खिळ्यांवरून चुन्याचा सांचा, त्या सांच्यावरून धातूचा पत्रा, आणि पत्र्यावरून छापील पान!

खिळे ओतण्याच्या ह्या कामाकडे आम्ही वाचकांचें लक्ष विशेष वेधूं इच्छितों. मुंबईंत अमेरिकन मिशनच्या छापखान्यानें आणि पुढें १८६९ पासून जावजी दादाजींच्या निर्णयसागरानें ज्या सुबक देवनागरी खिळ्यांनीं मराठी वाचकांस उपकृत केलें, त्यांच्या मुळाशीं हीच विद्या होती. ओतारी हातांत एक साचा धरी. साचा एकच, परंतु त्यांत ‘क’ ची मातृका बसविली कीं ‘क’ चा खिळा निघे, ‘म’ ची बसविली कीं ‘म’ चा. अक्षर कोणतेंही असो, खिळ्याची उंची तीच आणि ओतण्याची कृतिही तीच. मातृका न बसवितां मात्र साचा निरुपयोगी. इंग्रजींत खिळ्यास टाइप म्हणतात आणि प्रकारासही टाइपच म्हणतात, हा योगायोग येथें मोठा बोधप्रद आहे.

इकडे क्लेमेंटशीं पैशांवरून व कारखान्याच्या जागेवरून वाद होऊन १८३३ मध्यें काम थांबलें. त्यापूर्वीं, १८३२ मध्यें, यंत्राचा सुमारें सातवा हिस्सा जुळवून झाला होता. तो आजही लंडनच्या विज्ञानसंग्रहालयांत आहे. परंतु १८३४ मध्यें बॅबेजला त्याहून मोठी कल्पना सुचली. अंतरयंत्र एकाच रीतीचें गणित करी. कोणतेंही गणित करूं शकेल असें एकच यंत्र कां नसावें? ह्या नव्या यंत्रास त्यानें विश्लेषणयंत्र म्हटलें. त्याचे दोन मुख्य भाग त्यानें कल्पिले. एक कोठार, ज्यांत संख्या सांठवावयाच्या; आणि दुसरी गिरणी, जींत त्या आणून त्यांवर बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार करावयाचे. कोणती क्रिया करावयाची हें सांगण्यास भोंकें पाडलेलीं पुठ्ठ्याचीं कार्डें होतीं. फ्रान्सांत लियों येथील विणकर जाकार ह्याच्या मागावर अशाच कार्डांच्या योगानें रेशमी नक्षी विणली जाई. तेथून बॅबेजनें ती युक्ति घेतली. क्रियेचीं कार्डें निराळीं आणि ती क्रिया कोठारांतील कोणत्या संख्यांवर करावयाची हें सांगणारीं कार्डें निराळीं, ही त्याची योजना फार दूरदृष्टीची होती. कृति एकीकडे आणि जिच्यावर कृति करावयाची ती वस्तु दुसरीकडे, अशी ही फारकत होती. कवि बायरन ह्याची कन्या एडा लव्हलेस ह्या बाईंनीं १८४३ मध्यें ह्या यंत्रावरील एका फ्रेंच निबंधाचें भाषांतर करून त्यास मूळच्या तिप्पट टीपा जोडल्या. त्यांत त्यांनीं ही फारकत स्पष्ट केली, आणि स्वरांचे परस्परसंबंध नियमांत बसविले तर हें यंत्र संख्यांऐवजीं संगीतावरही चालेल, असा विचार मांडला.

आतां आमच्या विद्यार्थ्यांच्या शब्दांकडे वळूं. नॉर्वेमध्यें १९६० नंतरच्या दशकांत सिम्युला ही संगणकभाषा निर्माण झाली, आणि आज्ञावलींत क्लास म्हणजे साचा व ऑब्जेक्ट म्हणजे त्या साच्यांतून निघालेली वस्तु, ही पद्धति सुरू झाली. समजा, शाळेच्या कचेरीसाठीं आज्ञावली लिहावयाची आहे. तिला गुणपत्रक, फीची पावती, शाळा सोडल्याचा दाखला असे नाना कागद काढावयाचे आहेत. आज्ञावलींत जागोजागीं प्रत्येक कागदाचा साचा नांवानें लिहून ठेवला, तर नवा कागद आला कीं सर्व ठिकाणीं दुरुस्ती करावी लागते. त्यापेक्षां वस्तु निर्माण करण्याचें काम एकाच ठराविक कृतीकडे सोंपवावें, आणि बाकीच्या आज्ञावलीनें फक्त मागणी करावी, हें बरें. ती कृति म्हणजे फॅक्टरी मेथड. १९९४ मध्यें चार ग्रंथकारांनीं मिळून लिहिलेल्या ‘डिझाइन पॅटर्न्स’ ह्या पुस्तकानें हें नांव सर्वतोमुखीं केलें.

जेनेरिक टाइप म्हणजे प्रकाराची जागा मोकळी ठेवून लिहिलेला साचा. यादी करण्याची रीत विद्यार्थ्यांची असो वा पुस्तकांची असो, एकच असते. म्हणून ती एकदांच लिहावी, आणि वापरतांना मोकळ्या जागीं ‘विद्यार्थी’ किंवा ‘पुस्तक’ असा प्रकार भरावा. मग विद्यार्थ्यांच्या यादींत कोणी चुकून पुस्तक घालूं लागल्यास, आज्ञावलीचें भाषांतर करणारा कंपायलर ती चालूं होण्यापूर्वींच हरकत घेतो. चूक होऊंच न देणारी रचना ती हीच.

हीं दोन्हीं एकत्र आलीं म्हणजे खरी अडचण उभी राहते. जावा भाषेंत २००४ मध्यें जेनेरिक आले; परंतु तेथें भाषांतर होतांना मोकळ्या जागीं भरलेला प्रकार पुसला जातो. त्यामुळें साच्याच्या आंतून, ह्या प्रकारची नवी वस्तु कर, अशी थेट आज्ञा देतां येत नाहीं. कारण कोणता प्रकार, हें काम चालूं असतांना ठाऊकच नसतें. नवख्या विद्यार्थ्याची मति कुंठित होते ती येथेंच. ह्यावर उपाय ओताऱ्याचाच आहे. साच्याबरोबर मातृकाही हातीं द्यावी. म्हणजे वस्तु निर्माण करणारी लहानशी फॅक्टरी त्या जेनेरिक कृतीस बाहेरून पुरवावी. सी शार्प भाषेंत, जींत २००५ मध्यें जेनेरिक आले, निराळी सोय आहे. मोकळ्या जागीं जो प्रकार भरावयाचा त्याची वस्तु कांहीं सामग्री न देतां निर्माण करतां आली पाहिजे, अशी अट घालतां येते. आणि अट पाळली गेली कीं आंतूनच नवी वस्तु करतां येते. बॅबेजला ह्यांतील कांहीं ठाऊक होतें असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु कृति व वस्तु ह्यांची फारकत, साच्यावर आधीं घेतलेली मेहनत, आणि चुकीस मूळांतच बंदी, हे तीनही विचार त्याच्या कामांत स्पष्ट दिसतात.

असो. बॅबेजची कहाणी पुढें दुःखाची आहे. सरकारचे सुमारें १७,००० पौंड खर्च झाले होते, आणि पदरीं पुरें यंत्र कांहीं पडलें नव्हतें. १८४२ मध्यें पंतप्रधान पील ह्यांच्या सरकारनें अंतरयंत्राचा नाद सोडला. ह्यांत दोष सर्वस्वीं सरकारचा होता असें आम्हांस म्हणवत नाहीं. अर्धवट यंत्र पुरें करण्याऐवजीं बॅबेज अधिक चांगल्या यंत्राच्या मागें लागला, आणि त्याची वाणी तिखट असल्यामुळें त्यानें मित्रांपेक्षां शत्रु अधिक जोडले. तरी त्याचें मन कोतें नव्हतें. स्वीडन देशांतील शॉइट्स नांवाच्या पितापुत्रांनीं त्याच्या यंत्राची माहिती वाचून आपलें निराळें अंतरयंत्र १८५३ मध्यें पुरें केलें, तेव्हां मत्सर न करितां त्यानें त्यांची भरपूर वाहवा केली. स्वतः त्यानें १८४७ ते १८४९ ह्या काळांत दुसऱ्या, अधिक सुटसुटीत अंतरयंत्राचे नकाशे काढले. तेही सरकारनें स्वीकारले नाहींत. उतारवयांत रस्त्यांतील बाजेवाल्यांच्या कर्कश आवाजानें त्याचें डोकें उठे. त्यांच्याविरुद्ध त्यानें एवढी चळवळ केली कीं, पोरें त्याची टर उडवीत. ता. १८ ऑक्टोबर १८७१ रोजीं लंडन येथें त्याचा अंत झाला.

त्याचा धाकटा मुलगा हेन्री हा हिंदुस्थानांत बंगालच्या सैन्यांत अधिकारी होता. निवृत्त होऊन स्वदेशीं परतल्यावर त्यानें वडिलांचे कागद जुळवून १८८९ मध्यें ग्रंथरूपानें प्रसिद्ध केले, आणि विश्लेषणयंत्राच्या गिरणीचा एक भाग १९१० मध्यें बांधून दाखविला. पुढें लंडनच्या विज्ञानसंग्रहालयानें बॅबेजच्या काळीं साधली असती तेवढीच कारागिरी वापरून, त्याच्याच नकाशांवरून दुसरें अंतरयंत्र घडविण्यास घेतलें. त्याच्या जन्मास दोनशें वर्षें झालीं त्याच सालीं, म्हणजे १९९१ मध्यें, त्याचा गणिताचा भाग पुरा झाला. छपाईचा भाग २००२ मध्यें झाला. सर्व मिळून सुमारें ८,००० भागांचें व पांच टन वजनाचें तें यंत्र चालूं केलें, तों उत्तरें बिनचूक आलीं. नकाशा काढल्यापासून सुमारें दीडशें वर्षांनीं बॅबेजचा शब्द खरा ठरला.

विद्यार्थ्यांनीं ह्या चरित्रापासून दोन गोष्टी घ्याव्या असें आम्हांस वाटतें. हातीं घेतलेलें काम पुरें करण्याचा निग्रह बॅबेजपाशीं थोडा अधिक असता, तर त्याच्या डोळ्यांनींच त्यास आपलें यश पाहावयास मिळालें असतें. परंतु ज्या नकाशांकडे त्याच्या हयातींत कोणी ढुंकून पाहिलें नाहीं, ते त्यानें काढले होते इतक्या काळजीनें कीं, अनोळखी कारागिरांस ते जसेच्या तसे उपयोगीं पडले. आपली आज्ञावली असो, निबंध असो वा साधें गणित असो, आपल्या मागून येणाऱ्यास तें वाचून पुढें काम करतां यावें, इतकें तें स्वच्छ लिहिण्याची संवय आमच्या मुलांस लागो, एवढेंच आमचें मागणें आहे.